हातचा एक

रॉकव्हिलच्या हॉटेलात, बँक्वेट हॉलच्या अर्ध्या भागात
आम्ही तेवीस जण.
सरकत्या भिंतीपलीकडे कुणाच्या तरी लग्नाची तालीम,
अलीकडे मेंदू.

एकाहत्तर अर्ज. त्यातले निम्मे आधीच निजवलेले,
त्यांच्यावर चर्चा होत नाही.
उरलेल्यांना प्रत्येकी पंधरा मिनिटं.
एक म्हणजे उत्तम, नऊ म्हणजे नकोच.
यंदा सरकारचा हात आखडता आहे,
अधिकारी म्हणाले, पाण्याची बाटली उघडता उघडता.

हितसंबंध असलेल्यांनी बाहेर जावं.
पिन्हेरो उठला, कॉरिडॉरमध्ये
बर्फाच्या मशीनपाशी जाऊन उभा राहिला.
दाराच्या काचेतून त्याची पाठ दिसत होती.
पाठसुद्धा तटस्थ.

मीही तो फॉर्म भरला होता.
एकाच विद्यापीठात आहात का?
तीन वर्षांत एकत्र लेख लिहिलाय?
नात्यातलं कुणी अर्जदार?
नाही, नाही, नाही.
टोलेडोत माझ्या वडिलांचं चाव्यांचं दुकान होतं
हे कुणी विचारलं नव्हतं.

साठीनंतर त्यांचा उजवा हात हलू लागला.
चावीचे दात वेडेवाकडे निघायचे.
गिऱ्हाईक परत यायचं: मिस्टर हालास, ही लागत नाही हो.
ते शांतपणे विचारायचे,
कुलूप बदललंत का?

अर्ज क्रमांक चव्वेचाळीस.
डुलुथची मारेन थॉर्सगार्ड, पहिलाच मोठा अर्ज.
लहान मेंदूतल्या काही पेशी, त्यांचा बिघडलेला ताल,
आणि त्यामुळे थरथरणारे हात.
पाच वर्षं, एकोणीस लाख डॉलर.
पहिल्या परीक्षकाचे दोन. दुसरीचे तीन.
तिसरा अॅबरनाथी. त्याने चष्मा काढला.
"अकराच उंदीर?"

खोलीतली हवा बदलायला एवढा प्रश्न पुरतो,
उत्तर लागत नाही.
उत्तर जिला ठाऊक होतं
ती तेव्हा दीड हजार किलोमीटरवर
बहुधा उंदरांचे पिंजरे धूत होती.

विमानातच माझं ठरलं होतं: तीन.
पण बटणावर बोट ठेवलं आणि वाटलं,
हे मत माझं, की त्यांच्या हाताचं?
मग शाळेत बेरीज करताना धरायचे
तसा मी हातचा एक धरला.
निःपक्षपातीपणाचा.
चार.
माझं बोट जराही हललं नाही.

मे महिन्यात पैशांची रेघ चौदावर ओढली.
ती सतरावर.
तिला गेलेल्या पत्रात होतं:
समितीचा उत्साह काहीसा कमी झाला.
बोर्डिंग पासच्या पाठीवर मी गणित केलं.
तेविसांत वाटला तर माझा एक
म्हणजे दशांश शून्य चार, वर थोडं.
एवढ्याने काही होत नाही.
हे मी तीनदा तपासलं.

ऑक्टोबरात अर्ज पुन्हा आला.
नाव तेच. चोवीस उंदीर.
अॅबरनाथीच्या प्रश्नाला सव्वा पान उत्तर,
त्यात एकही शब्द रागाचा नाही.
मी हात वर केला. मला बाहेर जायचंय.
कारण? अधिकाऱ्यांनी विचारलं.
टोलेडो, मी म्हणाले.
त्यांनी रकान्यात लिहिलं: संस्था.

आत काय बोलले ते मला कळू नये असा नियम आहे.
काचेकडे पाठ करून उभी राहिले.
पिन्हेरोला कसं वाटलं असेल, असं काहीतरी मनात.
पलीकडच्या हॉलमध्ये आज लग्न नव्हतं,
खुर्च्या एकीवर एक रचलेल्या.
बर्फाचं मशीन मध्येच थरथरायला लागायचं,
खूप वेळ थरथरायचं,
मग एकदम बर्फ पडायचा.